पोट्टा कॉमेडी करते!

भंडारा जिल्ह्यात 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाची काही मान्यताप्राप्त उत्तरं आहेत. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे, हे सगळ्यात वरचं. मास्तर आहे, तलाठी आहे, पोलिसात आहे, ही त्याच्या खालोखाल. चार एकर ओलिताची धानाची शेती आहे, हेही चालतं; मात्र त्याला 'शिवाय डी.एड. झाला आहे' अशी जोड द्यावी लागते. यातलं काहीच नसेल तर 'नागपूरले असते' एवढं म्हणून गप्प बसायचं. नागपूरला तो नेमकं काय करतो, हे विचारणं आमच्याकडे असभ्यपणाचं समजलं जातं.

'पोट्टा कॉमेडी करते' हे उत्तर या यादीत नाही. माझ्या मोठेबाबांनी ते एका पाहुण्यापुढे देऊन पाहिलं. पाहुण्याने चहाची बशी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "ते वेगळं कराले लागते का जी? आमच्या घरी सारेच करतेत."

मी अड्याळचा. भंडाऱ्याहून पवनीला जाताना वाटेत लागतं ते अड्याळ. चंद्रपूर जिल्ह्यातली तुकारामदादांच्या आश्रमाची अड्याळ टेकडी ती वेगळी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या नाटकाचा बँडवाला एकदा ढोलकीसकट त्या टेकडीकडे निघाला होता. अर्ध्या वाटेवरून त्याचा फोन आला, "मंडई कोटी दिसून नाई रायली जी, सारे ध्यानाले बसून हायेत." त्या रात्री आमच्या नाटकातली लावणी टाळ्या वाजवून पार पडली.

झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली, या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान बांधीतून खळ्यावर आलं, की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं सुरू होतात. ती होळीपर्यंत चालतात. नाट्यमंडळांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गावची मंडळी तिथे जाऊन नाटक ठरवून येतात, मंडप पडतो, आणि रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो तो पहाटेच्या आसपास मिटतो. मधल्या काळात नाटकात खून, बलात्काराचा खटला, सासुरवास, देशभक्ती, दोन-तीन लावण्या आणि कॉमेडी येते. लोक घोंगड्या-चादरी घेऊन येतात, थंडीत कुडकुडत पाहतात आणि शेवटचा खलनायक पकडला गेल्याशिवाय उठत नाहीत. पूर्वी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि नाटक अशी जोडी असायची. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्या 2021च्या अखेरीस पुन्हा सुरू झाल्या. मधली सगळी वर्षं बैलांना सुटी होती. नटांना ती कोणत्याच न्यायालयाने दिली नाही.

ज्या गावात नाटक, त्या गावात घरोघरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, जावयाचे मित्र येतात, मित्रांचे मेव्हणे येतात. गावातल्या कोंबड्यांची संख्या त्या दिवशी चिंताजनकरीत्या घटते. आणि एवढे सगळे नातेवाईक एका गावात जमलेच आहेत तर सोयरिकीचं बोलून घ्यावं, हा इथला रिवाज आहे. कितीतरी लग्नं नाटकाच्या निमित्ताने जुळतात. आता माझी अडचण लक्षात घ्या. रंगमंचावर मी विगमध्ये, उलटी चड्डी घालून, दोन-अडीच हजार पाहुण्यांची मनं रात्रभर प्रसन्न करतो. आणि त्या प्रसन्न मनाने ते पहाटे आपली मुलगी तलाठ्याला देऊन टाकतात.

आमची गरिबी अगदी सुटसुटीत होती. शेती नव्हती असं मी म्हणणार नाही. अड्याळभर होती, फक्त दुसऱ्यांच्या नावावर. रोवणी आम्ही करायचो, निंदण आम्ही, कापणी आम्ही. मालकाला फक्त पीक घरी नेण्याचे कष्ट पडत. धान कापून झालं की मात्र गावात हाताला काम उरत नसे. मग आमचं घर, शेजारचं घर आणि त्याच्या शेजारचं घर, अशी अख्खी गल्ली गाडीत बसून मिरची तोडायला खम्मम-वरंगलकडे जायची. तेव्हा तो भाग आंध्र प्रदेशात होता, 2014 साली तेलंगण झाला. राज्य बदललं तरी मिरची तेवढीच झोंबते, असा माझ्या मायचा अनुभव आहे.

पालाच्या झोपड्या, तीन दगडांची चूल, सोबत नेलेला तांदूळ आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत लाल मिरची. तोडणारा माणूस ओळखायचा तर त्याच्या अंगठ्याचं नख पाहावं. देठ मोडून मोडून ते एका बाजूने झिजलेलं असतं आणि त्याच्या खाचेत लाल रेघ बसलेली असते. ती महिनाभर तरी निघत नाही. हात मातीने घासा, ताकाने धुवा, शेणाने धुवा, बोटं जळायची ती जळतातच. त्या बोटांनी भात कालवला की तो आपोआप तिखट व्हायचा. भाजीचा खर्च वाचायचा.

मजुरी कधी किलोवर मिळायची, कधी मिरचीच्याच रूपाने. परतताना आमच्या घरात वाळल्या मिरचीचं पोतं यायचं. मग वर्षभर घरात तेल नसे, साखर नसे, डाळ तर पाहुण्यासारखी यायची, पण मिरची मात्र मुबलक. आमच्याकडे आलेला पाहुणा डोळे पुसत बाहेर पडायचा आणि गावाला वाटायचं, या घरात फार प्रेमळ स्वागत होतं.

शाळेच्या हजेरीपटात माझं नाव अड्याळला आणि मी स्वतः आंध्रात, असा प्रकार दरवर्षी. होळीनंतर वर्गात परत गेलो की गुरुजी विचारायचे, "सांग, आपल्या राज्याच्या सीमेला लागून कोणतं राज्य आहे?" एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मला पक्कं येत असे. शिवाय तिथली माणसं कशी रागावतात, तेही मी करून दाखवायचो. वर्ग हसायचा, गुरुजी हसायचे, आणि हसून झाल्यावर गणित विचारायचे.

माझं पहिलं थेटर म्हणजे मिरचीचं शेत. आमचा मुकादम एका वाक्यात तेलुगू, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांतून ओरडायचा. पहिली कळेपर्यंत तिसरी सुरू व्हायची. मी एका ओळीत तोडणाऱ्या बायांच्या मागे उभा राहून त्याची नक्कल करायचो. बाया खो खो हसायच्या. पण हसताना हात थांबतो, आणि हात थांबला की संध्याकाळी काट्यावर किलो कमी भरतात. माझ्या कलेचं पहिलं परीक्षण मायने त्याच काट्याजवळ उभं राहून केलं.

"तुया कॉमेडीनं आज पोतं अर्धंच भरलं. आता तुले अर्धंच जेवाले देतो."

त्या रात्री मी अर्धपोटी राहून खूप विचार केला. दुसऱ्या दिवसापासून असं हसवायला लागलो की हसणारीचा हात थांबू नये. नक्कल छोटी करायची, वाक्य देठ मोडता मोडता टाकायचं, आणि पुढचं वाक्य ती पुढच्या झाडापाशी पोचल्यावर. पुढे मुंबईत कळलं की याला टायमिंग म्हणतात आणि ते शिकवायचे लोक पैसे घेतात. शेवटी मुकादमालाही ते पटलं. बाया उन्हं उतरली तरी उठायचं नाव घेईनात, म्हणून तोच मला 'चल रे, चालू कर' म्हणायला लागला. त्याच्यासमोर त्याचीच नक्कल करायची म्हणजे कठीण काम. मी केली. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "असा मानूस आमच्या गावात एक हाय."

मोठा झाल्यावर घोटाळा वेगळाच झाला. नाटकाचा हंगाम दिवाळी ते होळी, आणि मिरचीचाही हंगाम जवळजवळ तोच. घरातून एक माणूस नाटकात गेला की तोडणीला दोन हात कमी. त्यामुळे दरवर्षी दिवाळीत आमच्या ओसरीवर कोर्ट बसायचं. न्यायाधीश मोठेबाबा, सरकारी वकील मामा, फिर्यादी बाबा, आणि माय चुलीपाशी बसून अधूनमधून फुंकणीने मत व्यक्त करायची. आरोपी मी. माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून मी मोठमोठी माणसं आणायचो.

पहिले साक्षीदार परशुराम खुणे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातलं गुरनोली हे त्यांचं गाव. झाडीपट्टीचे विनोदी नट, लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. 800 वेगवेगळ्या भूमिका, 5000च्या वर प्रयोग. 2023 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. हे मी छाती फुगवून सांगितलं. कोर्ट प्रभावित झालं. मग मोठेबाबांनी उलटतपासणी सुरू केली.

"पद्मश्रीचे महिन्याले किती भेटतेत?"

"पैसे नाही भेटत, मोठेबाबा. मान असतो."

"बरं. शेती हाय का त्याईले?"

"आहे. शेतकरीच आहेत ते."

"पाय!" मोठेबाबा मामाकडे वळले. "शेती हाय म्हनून कॉमेडी करते तो मानूस. याच्याजवर का हाय? मिरचीचं पोतं!"

दुसरा साक्षीदार खुद्द दादा कोंडके. 1932 साली मुंबईत, नायगावच्या गिरणी वस्तीत जन्म. माणसं भोरकडची, पोटासाठी मुंबईत आलेली. म्हणजे आमच्यासारखीच परगावी राबणारी. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने 1965 पासून नाव झालं, मग 'सोंगाड्या', मग एकामागून एक रौप्यमहोत्सवी चित्रपट, इतके की गिनीज बुकात नोंद झाली. मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सिनेमाच्या पहिले का करत होता तो?"

"अपना बाजारात नोकरीला होते."

"म्हंजे पहिले नोकरी. मंग कॉमेडी." मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बी पहिले अपना बाजारात लाग. मंग आमचं काई म्हननं नाई."

भंडाऱ्यात अपना बाजार कुठे आहे, हे विचारायची सोय नव्हती.

तिसरा साक्षीदार माझा हुकमी होता. जॉनी लीव्हर. 1957 साली आंध्रातल्या कनिगिरीचा जन्म, घर तेलुगू, मुंबईत धारावीच्या परिसरात वाढला, गरिबीने सातवीत शाळा सुटली. रस्त्यावर नटांच्या नकला करत पेन विकायचा. आम्ही महाराष्ट्रातून आंध्रात पोट भरायला जातो, तो आंध्रातून महाराष्ट्रात आला; म्हणजे वाटेत कुठेतरी आमची गाठ पडायची तेवढी राहिली. हिंदुस्तान लीव्हरच्या कारखान्यात असताना त्याने साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी कौतुकाने त्याचं नाव जॉनी लीव्हर ठेवलं. ही गोष्ट ऐकताना बाबांचे डोळे चमकले. मला वाटलं, खटला जिंकला.

"कारखान्यात कोन्या लावलं त्याले?"

"त्याचे वडील तिथेच कामाला होते."

"हां!" बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "बापानं बापाचं काम केलं. पोट्ट्याले आपल्या कामावर नेलं. मी बी नेतो. गाडी उद्या सकाळी सहाले हाय. चादर घेऊन ठेव."

मी त्या वर्षी चादर घेतली, पण गाडीत न बसता वडशाला गेलो.

नाट्यमंडळात मला पहिली भूमिका मिळाली ती प्रेताची. घरचा कर्ता माणूस दुसऱ्या अंकात मरतो, त्याचं प्रेत. मूळ प्रेताला त्या दिवशी ताप होता. मंडळाचे मालक म्हणाले, "पाठांतर नाई, हालचाल नाई, फक्त निजून राह्यचं. जमेल?" झोपणं हे एकच काम मी घरच्या परवानगीने करत आलो होतो, त्यामुळे होकार दिला. थंडी मरणाची होती. अंगावर टाकायला मंडळाकडे पांढरी चादर सापडेना, म्हणून माझीच चादर माझ्यावर टाकली. ही तीच चादर, जिच्यात आम्ही तेलंगणातून मिरची बांधून आणत होतो.

नायिकेने हंबरडा फोडला. "बाबा, तुम्ही आम्हाला पोरकं करून गेलात!" आणि तिच्या पदराच्या वाऱ्याने चादर हलली. मी श्वास रोखला. नाकात आग, डोळ्यांतून धारा. नायिका दुसरं वाक्य विसरली, विंगेतला प्रॉम्प्टर पेंगत होता, त्यामुळे तिने पहिलंच वाक्य पुन्हा घेतलं आणि पुन्हा पदर हलवला. मग मात्र प्रेताला सलग शिंका आल्या. मंडपातून कोणीतरी ओरडलं, "अवं, रडू नको बाई, जिवंत हाय!" दुसरा म्हणाला, "सर्दीनं मेला असन!" नायिकेच्या नाकात आता चादरीचा धुरळा गेला, मग मुलाच्या, मग डॉक्टरच्या. तेवढ्यात प्रॉम्प्टर जागा झाला आणि झोपेत त्याला जे पान सापडलं ते त्याने मोठ्याने वाचलं. ते लग्नाच्या प्रवेशाचं होतं.

पडदा पाडला. मी चपला शोधत होतो, एवढ्यात मालक आले. मला वाटलं, आता पाठीत बसणार.

"उद्या मौशीखांबला नाटक हाय," ते म्हणाले. "असंच मरशील का?"

अशी माझी कारकीर्द मेल्यावर सुरू झाली.

यानंतर मला विनोदी कामं मिळायला लागली, पण पैसे मिळायचे ते मात्र सावकाश. एका प्रयोगाच्या मेहनतान्याला आमच्यात 'नाइट' म्हणतात. नाइट रात्री मिळेलच असं नाही. 'होळीले हिशोब करू' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की होळी हा सण मला कॅलेंडरात दिसला तरी हात पुढे होतो.

मधल्या एका वर्षी मुंबईच्या टीव्हीवर विनोदी कार्यक्रमासाठी निवड चाचणी होती. विदर्भ एक्सप्रेस पकडायला भंडारा रोड स्टेशनावर गेलो. या स्टेशनचं वैशिष्ट्य असं की तिथे भंडारा नाही, नुसता रोड आहे. स्टेशन वरठीला, गाव लांब. रात्रभर बसून मुंबईला पोचलो. तिथे फाईल घेतलेल्या एका मुलीने नाव-गाव विचारलं.

"भंडारा? म्हणजे विदर्भ ना? संत्री आणलीत का?"

"आमच्याकडे तांदूळ होतो."

"ओके. मग कपाशीच्या शेतकऱ्यावर काही आहे का?"

"आमच्याकडे तांदूळच होतो."

"बरं, थोडं ते भरत गणेशपुरेंसारखं बोलून दाखवा ना. किती गोड वाटतं!"

"ते अमरावतीकडचे. त्यांची वऱ्हाडी. आमची झाडीची बोली."

"पण दोन्ही विदर्भच ना?"

"पुणं आणि मुंबई दोन्ही महाराष्ट्रातच ना?" मी म्हणालो. हा माझा त्या दिवसाचा सगळ्यात चांगला विनोद होता. ती हसली नाही. ती मुंबईची होती आणि तिच्या शेजारचा पुण्याचा.

मग कार्यक्रमाचे साहेब आले. त्यांना माझा विनोद नको होता, माझा 'स्ट्रगल' हवा होता. मी मिरचीचं सांगितलं, झिजलेल्या नखाचं सांगितलं. साहेबांचे डोळे भरून आले, फाईलवालीने रुमाल काढला. उत्साहात येऊन मी प्रेताच्या शिंकांची गोष्ट सांगितली, तर दोघांचे चेहरे पडले. "ते नको. ते फनी आहे," साहेब म्हणाले. "आधीचंच सांगा, आपण मागे व्हायोलिन लावू." माझ्या आयुष्यात आजवर व्हायोलिन कधी वाजलेलं नाही. पत्र्यावर पाऊस वाजला आहे, रिकामं पातेलं वाजलं आहे. मी ते सांगितलं. "नंतर कळवतो," साहेब म्हणाले. तेव्हापासून ते कळवत आहेत.

गावात परत आलो तेव्हा साऱ्यांनी एकच विचारलं, "टीव्हीवर कधी दिसतेस?" मोठेबाबांनी त्यांचा दंडारीचा, म्हणजे जुन्या लोकनाट्याचा, काळ काढला. "आमच्या टायमाले रातभर दंडार पायत होतो. खडी गंमत पायत होतो. एक पैसा नाई देल्ला कोनाले!" हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की त्या दंडारीत नाचणाऱ्यांनी सकाळी काय खाल्लं असेल, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

खटल्यात आता एकच साक्षीदार उरला होता, तो पार सातासमुद्रापलीकडचा. चार्ली चॅप्लिन. मी ओसरीवरच्या कोर्टाचा नाद सोडला आणि थेट वरच्या कोर्टात, म्हणजे चुलीपाशी, मायकडे गेलो. ती मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिला सांगितलं, हा 1889 साली लंडनमध्ये जन्मला. घर फाटकं, लहानपणी गरिबांच्या आश्रमात राहिला. 1910 साली नाटकमंडळीबरोबर अमेरिकेला गेला, 1914 पासून सिनेमात. परदेशात पोट भरायला बोटीतून जाणाऱ्या फाटक्या माणसांवर त्याने 1917 साली एक सिनेमा केला, 'द इमिग्रंट', आणि लोक हसून हसून बेजार झाले.

"गाडीत बसून जानाऱ्यावर का हसतेत लोकं?" माय म्हणाली.

मग मी तिला त्याच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. त्याची आई गायची. एका रात्री रंगमंचावर तिचा आवाज बसला, लोक हुर्यो करायला लागले, तेव्हा मॅनेजरने पाच वर्षांच्या चार्लीला पुढे ढकललं. तो गायला लागला. लोकांनी खूश होऊन पैसे फेकले. चार्लीने गाणं मध्येच थांबवलं आणि जाहीर केलं, आधी पैसे वेचतो, मग गातो. लोक हसले. मॅनेजर रुमाल घेऊन पैसे गोळा करायला आला, तर हा आपले पैसे घेऊन पळणार असं वाटून पोरगं त्याच्या मागे मागे गेलं आणि ते आईच्या हातात पडेपर्यंत परत फिरलं नाही. लोक आणखी हसले.

मायचा हात देठावर थांबला. मी तिला हसवण्यासाठी आजवर जे जे केलं होतं त्याने तो हात कधी थांबला नव्हता.

"किती वर्साचा होता म्हनालास?"

"पाच."

"पोट्टा हुशार. पहिले पैसे येचले, मंग गानं." मग तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आन तू एवढा घोडा झाला, नाइट उधार ठेवून येतेस."

निकाल लागला. मी नाटक करायचं, पण पहिले पैसे, मग पडदा. मंडळाच्या मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कलेची सेवा हाय रे ही!" मी म्हणालो, "माय म्हणते, सेवा देवळात." त्या रात्री नाइट रात्रीच मिळाली. मायला नेऊन दिली. तिने मोजली, पुन्हा मोजली आणि पदरात बांधताना म्हणाली, "मिरचीपक्षा बरी हाय. हात नाई जळत."

राहिला प्रश्न बाबांचा. अड्याळमध्ये आमचं नाटक लागलं तेव्हा ते पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसले होते. नाटकात दुकानदार माझ्याकडे उधारी मागतो, असा प्रवेश होता. लिहिलेलं वाक्य पडेल होतं, म्हणून मी बाबांचं टाकलं. उधारीवाल्याला ते नेहमी म्हणतात, "तुयी उधारी मी इसरलो नाई. आठवन हाय, म्हनूनच तुया दुकानाच्या रस्त्यानं येत नाई." मंडप कोसळला. खरा दुकानदार मंडपातच होता, तो सगळ्यांत जास्त हसला आणि हसता हसता बाबांकडे पाहून गप्प झाला.

पहाटे घरी आलो तर बाबा जागे.

"ते वाक्य माहं होतं."

"हो."

"त्याचे किती भेटले?"

आता नाइटमधला थोडा वाटा बाबांकडे जातो. त्याचा परिणाम असा झाला, की ते घरात मोकळेपणाने बोलेनासे झाले. काहीतरी चटपटीत सुचतं, तोंड उघडतं, माझ्याकडे नजर जाते, आणि ते म्हणतात, "हे फुकट नाई." परवा मामाने विचारलं, तब्येत कशी हाय? बाबांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि मगच उत्तर दिलं.

यंदाही नाटक लागेल. नाटकाच्या दिवशी मला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. कोणी मला लहानपणी कडेवर घेतलेलं असतं, कोणी माझ्या बारशाला घुगऱ्या खाल्लेल्या असतात, कोणी नुसतंच 'ओळखलं का?' म्हणतं. सगळ्यांना पास हवा असतो. ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या माणसाकडे कोणी फुकट तोफगोळा मागत नाही, तलाठ्याकडे फुकट सात-बारा मागण्याची तर कोणाची छातीच नाही. फुकट मागतात ते फक्त हसू.

तर वाचकहो, दिवाळीनंतर कधी झाडीपट्टीत आलात तर चादर स्वतःची आणा, आमची घेऊ नका. रात्रभर बसा, पोटभर हसा, हसताना हात थांबला तरी चालेल. पण त्याआधी तो एकदा खिशात घाला आणि तिकीट काढा. पास मागू नका. देणारच नाही.